१९६९ च्या सी-१० ला १९७८ चा डिस्क सेट: मदत हवी आहे

मंडळी, गाडी शेवरोले सी-१० पिकअप, १९६९, टू व्हील ड्राइव्ह. पुढे ड्रम ब्रेक, सहा बोल्टची चाकं. १९७८ च्या सी-१० चा पुढचा अख्खा सेट मिळालाय: क्रॉसमेंबर (चेसीचा आडवा तुळईसारखा भाग), सस्पेन्शनचे आर्म, नकल (चाकाचा हब धरणारा भाग), कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग). १९७१ पासून सी-१० च्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि पाच बोल्ट आले, म्हणजे माझ्या गाडीला मागे सहा, पुढे पाच होणार. एक स्टेपनी दोन्हीकडे चालणार नाही. ते एक वेळ सोसू.

नुसते नकल जुन्या आर्मवर चढवावेत की क्रॉसमेंबरच बदलावा? बॉल जॉइंटच्या (आर्म आणि नकल जोडणारा गोल सांधा) पिनेचा टेपर, म्हणजे निमुळता उतार, नकलच्या भोकाशी जुळला नाही तर नट कितीही आवळा, पिन आत डुगडुगतेच. रीमर मारून (भोक कापून) जमवायची तयारी नाही. क्रॉसमेंबर घालायचा तर चेसीवरची भोकं कुठल्या खुणेपासून मोजायची, हे काम प्रत्यक्ष केलेल्याने सांगा.

दुसरं, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा). ड्रमचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो. डिस्कच्या लाइनला तो राहिला तर पॅड घासत राहतात, रोटर (डिस्कची तबकडी) तापतो. तो काढून डिस्क-ड्रमचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटणारा) लावला तर भागेल, की मास्टरही १९७८ चाच घ्यावा? रोटर १ इंच जाडीचे आहेत, सव्वा इंची रोटरचे कॅलिपर सुचवू नका.