‘ध्वनिरोधक जमीन’ की ‘ध्वनिशोषक फरशी’?

सुदामानगरकर: इंदूरच्या आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी घरदुरुस्तीवर टिपण लिहितेय. खालच्या मजल्यावरून येणारा आवाज आपल्या घरात कमी कसा करावा, हा विषय. (खाली घरगुती पिठाची चक्की आणि होम थिएटर दोन्ही आल्यावर विषय शोधावा लागत नाही.) ‘साउंडप्रूफ फ्लोअर’ला एकाने ‘ध्वनिरोधक जमीन’ सुचवलं, दुसऱ्याने ‘ध्वनिशोषक फरशी’. दोन्ही चालतील?

जुनावाडा: ताई, दोन्ही वेगळी कामं आहेत. शोषक म्हणजे खोलीतल्या खोलीत आवाज घुमू न देणारं: जाड पडदे, गाद्या, फोम, रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर). रोधक म्हणजे पलीकडे जाऊ न देणारं, आणि तिथे वजन लागतं. सहा इंची काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला साधारण ३७५ किलो भरतो. एवढं वजन दुप्पट केलं तरी हिशेबाने ६ डेसिबलच्या आसपास फरक. त्यावर दोन किलोचा फोम अंथरून ‘ध्वनिरोधक’ म्हणणं ही दुकानातली मराठी झाली.

शब्दखोर: ‘रोधक’ने तरी पूर्ण बंदोबस्ताचं वचन कुठे दिलंय? गतिरोधकावरून गाडी जातेच, फक्त हळू. म्हणून मला ‘ध्वनिरोधक’ आवडतो आणि जाहिरातीतला ‘आवाजबंद’ खटकतो. १० डेसिबल घटले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. तेवढं साधलं तर पैसे वसूल समजावेत.

सुदामानगरकर: मग जाड गालिचा कशात बसतो? सगळे तोच सांगतात.

जुनावाडा: गालिचा तुमच्या पावलांचा दणका खाली जाऊ देत नाही. सुख खालच्यांना! खालून वर येणाऱ्या टीव्हीच्या आवाजाला तो फारसा अडवत नाही. टिपणात ‘आवाज’ आणि ‘दणका’ हे शब्द वेगळे ठेवा, निम्मा गोंधळ मिटेल. चक्कीचा तर तिसराच प्रकार, तो ‘कंप’. तो स्लॅबमधून, कॉलममधून, भिंतींतून चढतो. तुम्ही वर काहीही अंथरा, भिंत गुणगुणतच राहणार. तिथे चक्कीच्या पायांखाली रबरी पॅड हवेत, म्हणजे ‘कंपरोधक’ हे विशेषण तुमच्या जमिनीला नाही, त्यांच्या चक्कीला लावायचं.

लष्करवाली: जमीन की फरशी यावर कोणी बोललंच नाही. फरशी म्हणजे वरची लादी. जमीन म्हणजे पाय टेकतो ते सगळं, मग मातीची असो की तिसऱ्या मजल्यावरची. आवाज अडवायचा तो फरशीने नाही, म्हणून ‘जमीन’च बरा. आणि मिस्त्रीशी हिंदीत बोलताना सांभाळा. खरा उपाय बहुतेक वेळा खालच्यांच्या छताला, स्लॅबपासून सुटं ठेवून, आत रॉकवूल भरून जिप्समचं दुहेरी छत टांगणं हा असतो. आपण ‘छत’ म्हणतो तेव्हा खोलीतून वर पाहतो. हिंदीत ‘छत पर काम है’ म्हटलं की माणूस सिमेंटची पोती घेऊन गच्चीवर जातो! ‘नीचेवालों की सीलिंग’ म्हणा.

सुदामानगरकर: खालचे त्यांच्या घरात काम करू देतील असं दिसत नाही. माझ्या बाजूने काय उरतं?

जुनावाडा: आधी ‘फटी’. पाइप स्लॅबमधून जातात तिथली भोकं, बाथरूमच्या डक्टकडची खिडकी, दाराखालची जागा. हवा जाते तिथून आवाज जातो. भोकं मऊच राहणाऱ्या सीलंटने बुजवा, नुसतं सिमेंट पुढे तडकतं. त्यानंतर ‘तरंगती जमीन’: स्लॅबवर लवचिक थर, त्यावर जड थर, आणि कडेने भिंतीला कुठेही न टेकलेली. कडेला एका जागी जरी टेकली तरी बराचसा खर्च वाया. दोन-तीन इंच उंची वाढते, दारं कापावी लागतात, तेही लिहा. आणि स्लॅबवर किती वजन चालेल ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

शब्दखोर: ‘तरंगती’ ऐकून वाचक पाणी शोधेल. ‘सुटी जमीन’?

लष्करवाली: सुटी चालेल. अंकात ‘रात्र’ या शब्दाचीही एक ओळ घाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. खालच्यांशी बोलताना ‘फार उशिरा’ म्हणण्यापेक्षा ‘दहानंतर’ म्हटलेलं बरं.

सुदामानगरकर: ‘ध्वनिरोधक, सुटी जमीन’ असं लिहिते. चक्कीचं मात्र दहाच्या आत आणि समक्षच बोलते.