ओडेनवाल्डशूले ही नावाजलेली शाळा बंद का पडली?

प्रश्न: जर्मनीतील हेपेनहाइमजवळच्या या प्रयोगशील निवासी शाळेचा उल्लेख पूर्वी फार आदराने होत असे, मग ती २०१५ मध्ये बंद कशामुळे झाली?

प्रतिसाद १: पाउल गेहेब व त्यांच्या पत्नी एडिथ यांनी १९१० मध्ये ती स्थापन केली; पैसा एडिथ यांचे उद्योगपती वडील माक्स कासिरर यांनी पुरवला. मुले-मुली एकत्र शिकत, शिक्षकांसह ‘कुटुंब’ म्हणून एकाच घरात राहत आणि विषयही बऱ्याच अंशी स्वतः निवडत, जे त्या काळी धाडसाचेच होते. नाझी राजवट आल्यावर, १९३४ मध्ये, हे दांपत्य स्वित्झर्लंडला गेले.

प्रतिसाद २: शाळा बंद पडण्याचे मूळ मात्र, माझ्या मते, त्या ‘कुटुंबां’च्या बंद दारांआडच शोधावे लागते. १९७२ ते १९८५ या काळात मुख्याध्यापक असलेल्या गेरोल्ड बेकर यांनी, तसेच इतर काही शिक्षकांनी, विद्यार्थ्यांचे लैंगिक शोषण केले. ‘फ्रांकफुर्टर रुंडशाउ’ या जर्मन दैनिकाने १९९९ मध्येच ते छापले होते, तरी खळबळ उडाली ती २०१० मध्ये.

प्रश्नकर्ता: म्हणजे मधली अकरा वर्षे सगळे गप्पच होते?

प्रतिसाद २: जवळजवळ तसेच. बेकर यांचा शिक्षणक्षेत्रात दबदबा होता. पुढे विद्यार्थी घटले, पैसा आटला आणि शाळेला दिवाळखोरी जाहीर करावी लागली.