मदत हवी आहे: आईसाठी व्हायब्रेशन प्लेट घ्यावी का?

नमस्कार मंडळी. आई ६२ वर्षांची, वजन ९४ किलो, रक्तदाबाची गोळी चालू. गुडघे इतके दुखतात की सोसायटीच्या आवारात एक फेरी झाली की तिला बसावं लागतं. 'रोज चाला' हे तिला जमणारं नाही, म्हणून व्हायब्रेशन प्लेटचा (वर उभं राहिलं की वेगाने थरथरणारं यंत्र) विचार आहे.

फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत आर्तुरो फिगेरोआ यांच्या गटाने लठ्ठ स्त्रियांवर केलेलं काम वाचलं. प्लेटवर गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं, तिथेच अर्ध्या बैठका, टाचा उचलणं, आठवड्यातून तीनदा. रक्तवाहिन्यांचा ताठरपणा आणि रक्तदाब कमी झाला. वजन फारसं उतरलं नाही तरी माझी हरकत नाही, आईच्या हृदयावरचा ताण कमी झाला तरी खूप आहे. पण ते अभ्यास छोटे होते आणि देखरेखीखाली झाले, म्हणून धाकधूक वाटते.

पेसमेकर किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तर ही प्लेट टाळतात. आईला तसं काही नाही, मात्र सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले होते. तिच्या डॉक्टरांना विचारणारच आहे.

इथे कोणी फिजिओथेरपिस्ट आहे का? खडे असताना चालतं का? सरळ खाली-वर हलणारी प्लेट बरी की डावी-उजवी बाजू आलटून पालटून उचलणारी? जाहिरातीत चरबी वितळवण्याच्या गप्पाच जास्त, हर्ट्झ किती, म्हणजे प्लेट सेकंदाला किती वेळा हलते, ते लिहीतच नाहीत. कोथरूड-कर्वेनगर भागात देखरेखीखाली करून घेणारं केंद्र माहीत असेल तर कृपया कळवा.