मदत हवी आहे : मेंदूतल्या फुग्यासाठी कोणता एमआर अँजिओ?

मावशीचा डोकेदुखीसाठी साधा एमआरआय परभणीत झाला. रिपोर्टात मेंदूतल्या रक्तवाहिनीला ॲन्युरिझमची (भिंतीला आलेल्या फुग्याची) शंका, माप 2.8 मिमी आणि पुढं चक्क प्रश्नचिन्ह! आता एमआर अँजिओ (एमआरआय मशीनवरच रक्तवाहिन्यांची तपासणी) सांगितलाय. मावशीची आई ब्रेन हॅमरेजनं गेली, त्यामुळं घरात सगळ्यांनी धसका घेतलाय.

एमआर अँजिओच्या टीओएफ (टाइम ऑफ फ्लाइट) पद्धतीत इंजेक्शन लागत नाही, वाहत्या रक्ताचाच सिग्नल टिपतात, एवढं कळलं. पण रक्त संथ फिरत असेल तर तिथला सिग्नल फिका पडतो, आणि 3 मिमीच्या आतला फुगा निसटू शकतो म्हणे. इथं 1.5 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीन आहे. 3 टेस्लासाठी मावशीला संभाजीनगरला न्यावं का? प्रवासाचं काही नाही, पण फरक पडणार असेल तरच.

गॅडोलिनियमचं (रक्तवाहिन्या ठळक दिसण्यासाठीचं) इंजेक्शन देऊन एमआर अँजिओ करायचं तर मावशीचं शुगरमुळं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे किडनीची काळजी. सीटी अँजिओच्या आयोडीनचीही तीच भीती. डीएसए (नळीतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचे एक्स-रे) सगळ्यात खात्रीचा, पण मांडीतून नळी घालायची म्हटल्यावर मावशी ऐकायलाच तयार नाही.

कुणी रेडिओलॉजिस्ट किंवा न्यूरोवाले असतील तर सांगा, आधी 3 टेस्लावर टीओएफ पुरेल का? घरी कुणाचं झालं असेल तर त्यांनीही लिहा. सेंटरचे एजंट कृपया नकोत.