मदत हवी आहे: खाणीचा तळ आपोआप वर उचललाय, कारण कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. कराड तालुक्यात खडी क्रशरच्या खाणीवर सुपरवायझर आहे. डिप्लोमा सिव्हिलचा, दगडाचं ज्ञान कामावरच्या जुन्या माणसांकडून मिळालेलं, तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्या.

खाण साधारण 20 मीटर खोल. सोमवारी दुपारी सुरुंग उडवले, मंगळवारी पोकलेनने माल उचलून तळ साफ केला. बुधवारी पहाटे वॉचमन धावत आला, "साहेब, खाली काहीतरी फुटलं." जाऊन बघतो तर तळाच्या मधोमध कौलारू घराच्या आढ्यासारखा उंचवटा. लांबी माझी तीस पावलं, उंची वीतभर, माथ्यावर सलग चीर. वर आलेला पापुद्रा सहा-सात इंच जाड. त्यावर पहार ठोकली की बद्द वाजतं, चार पावलं बाजूला खणखणीत. चीर वाढते का ते कळावं म्हणून चिरीवर सिमेंटच्या तीन टिकल्या लावल्या होत्या, दुसऱ्या सकाळी दोन तडकलेल्या.

मालक म्हणतात कोयनेचा धक्का. (आमच्याकडं 1967 पासून भांडं पडलं तरी कोयनाच.) पण त्या रात्री गावात कुणालाच काही जाणवलं नाही. ब्लास्टर म्हणतो, भोकं तळाच्या खाली जास्त गेली, गॅसने उचललं. मग दीड दिवस थांबून कसं उचलेल?

मी वाचलं की कॅनडातल्या ओंटारिओत चुनखडीच्या खाणींचे तळ असे फुगतात. जमिनीत आडवा दाब असतोच, आपण वरचं ओझं काढतो. आमच्या हिशेबाने चौरस मीटरला 55 टनांच्या वर दगड गेलाय. मग वरचा पातळ थर दोन्हीकडून दाबलेल्या पट्टीसारखा वाकतो. आपल्या काळ्या फत्तरात असं होतं का? आणि मालकांना उद्याच ब्रेकर लावून तो सपाट करायचाय. लावू का?

प्रतिसाद १
ब्रेकर अजिबात नको. थर अजून दाबाखाली असेल तर तुकडा उडून केबिनमध्ये येईल. आधी लांबून दोर बांधा, माणसं वर घ्या, मॅनेजरला लेखी कळवा. दगडखाणीही खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या कक्षेत येतात.

कारणाचं म्हणाल तर आपल्या बेसाल्टमध्ये (म्हणजे काळ्या फत्तरात) बहुधा उभ्या भेगा असतात, त्यामुळे चुनखडीसारखी अखंड पाटी मिळत नाही. पण फरशीसारखे आडवे थर सुटणारा बेसाल्टही असतो. जाडी निम्मी झाली तर तेवढ्याच लांबीचा थर वाकायला एक चतुर्थांश ताण पुरतो, म्हणून तळ साफ करताना वरचा थर किती पातळ राहिला ते बघा. पापुद्र्याखाली तांबडी माती आहे का? ती भिजून फुगते. आसपासच्या भोकांत पाणी तळाच्या पातळीला आलं असेल तर पाण्याचा दाबही धरा. आणि टिकल्या सिमेंटच्या नकोत, सिमेंट वाळतानाही तडकतं. काचेच्या पट्ट्या लावा, पण उंचवटा शांत झाल्यावरच.

मूळ लेखक
ब्रेकर थांबवला. मालक चिडलेत, शनिवारी खडीची गाडी भरायची आहे. बाजूच्या भोकांत पाणी दोन मीटर खाली आहे, तांबडी माती वरून तरी दिसत नाही, बाकी दगड फरशीसारखाच सुटतो. मोबाइलच्या होकायंत्रावर उंचवटा पूर्व-पश्चिम दाखवतोय. म्हणजे दाब उत्तर-दक्षिण धरू का, की भेगांची दिशाही आधी मोजावी लागेल?