झोया पीरझादही वाचा

इराणमधल्या आर्मेनियन साहित्याचा विषय निघाला की तेहरानचे आर्मेनियन कवी आणि अनुवादक वारांद यांच्याबद्दल लिहिलं जातं. त्यांच्या जोडीला लेखिका झोया पीरझाद यांचं नाव घ्यायलाच हवं. वारांद आर्मेनियनमध्ये कविता लिहितात, तर या बाईंनी इराणमधल्या आर्मेनियन घरांचं जग फारसीत आणलं. जन्म १९५२ चा, इराणमधल्या आबादान शहरातला, आई आर्मेनियन. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'चा फारसी अनुवादही त्यांनी केलाय.

'दिवे मी मालवते' ही त्यांची २००१ ची कादंबरी माझी फार लाडकी. साठच्या दशकातलं आबादान, तेल कंपनीची वसाहत आणि क्लारिस नावाची गृहिणी. सुरुवातीलाच शाळेच्या बसचा ब्रेक ऐकू येतो आणि सव्वाचार वाजले हे तिला घड्याळ न बघताच कळतं. सगळ्यांची वेळ सांभाळणाऱ्या या बाईला स्वतःसाठी मात्र घटकाभर मिळत नाही. पुढे समोरच्या घरात नवे शेजारी येतात, आणि तिच्या मनात इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं हळूहळू वर येऊ लागतं. फार मोठं काही घडत नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. कादंबरीला इराणमधला गोलशिरी साहित्य पुरस्कार मिळाला. इंग्रजी अनुवाद फ्रँकलिन लुईस यांचा आहे, तो जरूर मिळवा.