मदत हवी आहे : बेळगावात ताजी शेव कुठे नि कधी मिळेल?

नमस्कार मंडळी. खडेबाजार, गणपत गल्ली किंवा शहापूर भागात शेव समोर तळून देणारं दुकान कोणतं, आणि ताजा घाणा साधारण किती वाजता निघतो? 2 किलो शेव आणि 1 किलो पोह्यांचा चिवडा पुण्याला न्यायचाय. गरम शेव पिशवीत बांधली की आत वाफ धरते आणि सगळी मऊ पडते, म्हणून पूर्ण गार करूनच भरणारे हवेत. सोडा जास्त पडलेली शेव तेल पिते, मूठभर कागदावर ठेवली की लगेच कळतं. खवट तेल तर वासावरूनच ओळखू येतं. चिवड्यात पिठीसाखर असली की आपल्याकडच्या पावसात तो लवकर सादळतो; बिनसाखरेचा कुणी देतं का? पिशवी सील करून मिळते की डबा न्यावा, तेही कृपया सांगा.